प्रति: तीन वर्षांची मुलगी उत्तरच देत नाही

कराडच्या ताई, डॉक्टरांनी बौद्धिक विकास मागे असल्याचं सांगितलंय, म्हणून मुलीला दिवसभर ‘हे काय? ते काय?’ विचारता, असं लिहिलंत. आधी प्रश्न कमी करा. प्रश्नांचा मारा झाला की मूल बोलायचंच टाळतं.

ती ज्याच्याशी खेळतेय, त्याचंच नाव घ्या. समोर बसा, तुमचे डोळे तिच्या डोळ्यांच्या पातळीवर हवेत. तिने वाटी वाजवली की तुम्हीही वाजवा, ‘वाटी’ म्हणा आणि मनात दहा आकडे मोजा. इथेच बहुतेक घरं चुकतात. मुलाला ऐकलेलं समजून घ्यायला वेळ लागतो, आणि तिसऱ्या सेकंदाला आजी पुन्हा विचारते. मुलीचं गणित परत पहिल्यापासून! तिने नुसतं बोट दाखवलं, आवाज काढला तरी ते उत्तरच धरा. ती एक शब्द बोलत असेल तर तुम्ही दोन बोला: ‘दूध’ला ‘गरम दूध’.

चड्डी घालणं शेवटाकडून शिकवा. गुडघ्याच्या वरपर्यंत तुम्ही चढवा, शेवटची ओढ तिची. जमलं की एक टप्पा मागे या: तुम्ही गुडघ्यापर्यंतच चढवा, पुढचं तिचं.

बक्षीस म्हणून बेदाणे देणाऱ्या तासगावकरांनो, जरा थांबा. चावणं कच्चं असेल तर अख्खा बेदाणा घशात अडकू शकतो. टाळी पुरते.

अंगणवाडीत वर्षातून दोनदा आरोग्य तपासणी पथक येतं, तेव्हा कान तपासायला जरूर सांगा. कमी ऐकू येत असेल तरीही मूल असंच गप्प राहतं.