सीपीटी प्रमेय सिद्ध झालेले असताना त्याची चाचणी कशासाठी?

प्रश्न : एम.एस्सी. विद्यार्थिनी, धरमपेठ, नागपूर

विद्युतभार, डावे-उजवे आणि काळाची दिशा ही तिन्ही एकदम उलटवली, तरी निसर्गनियम बदलत नाहीत, असे सीपीटी प्रमेय सांगते. ते गणिताने सिद्ध झालेले असेल, तर सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेत प्रतिहायड्रोजन (हायड्रोजनचे प्रतिद्रव्यातले रूप) बनवून त्याची पुन्हा पुन्हा तपासणी का केली जाते? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : निवृत्त प्राध्यापक, प्रतापनगर, नागपूर

ते सिद्ध झाले आहे, पण काही गृहीतके मान्य केली तरच. विशिष्ट सापेक्षतेची सममिती आणि परस्परक्रियांचे स्थानिक स्वरूप (दूरच्या बिंदूवर तत्काळ परिणाम न होणे) ही त्यांतली मुख्य होत, आणि गुरुत्वाकर्षणाचा पुंजसिद्धांत हाती आल्यावरही ती तशीच टिकतील, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

शिवाय इतिहास पाहा. निसर्ग डावे-उजवे असा भेद करत नाही, हे बहुतेकांनी धरूनच चालले होते. क्षीण परस्परक्रियेबाबत (बीटा किरणोत्सर्ग घडवणाऱ्या बलाबाबत) ते कोणी तपासलेलेच नाही, हे ली आणि यांग या भौतिकशास्त्रज्ञांनी १९५६ मध्ये दाखवून दिले. मग च्येन-श्युंग वू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोबाल्ट-६० सुमारे ०.०१ केल्विनपर्यंत थंड करून त्याची अणुकेंद्रके चुंबकीय क्षेत्राने एका दिशेला वळवली, तेव्हा इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या फिरकीच्या उलट दिशेने अधिक बाहेर पडताना दिसले, म्हणजे निसर्ग डावे-उजवे असा भेद करत होता. क्षेत्र उलटवले की हा कल उलटे, आणि नमुना तापू लागला की काही मिनिटांत नाहीसा होई. हा दोष उपकरणाचा नव्हे, याची मला सर्वांत पटणारी खूण ही शेवटचीच आहे.

उत्तर २ : संशोधक विद्यार्थी, नागपूर

सरांच्या उत्तराला थोडी जोड देतो. सर्नच्या अल्फा गटाने २०१८ मध्ये प्रतिहायड्रोजनची १एस–२एस संक्रमणाची (सर्वांत खालच्या ऊर्जापातळीतून वरच्या पातळीत जाण्याची) वारंवारता मोजली. सीपीटीनुसार ती हायड्रोजनइतकीच असायला हवी, आणि ती हायड्रोजनच्या वारंवारतेशी एक लाख कोटी भागांत सुमारे दोन भाग इतक्या अचूकतेने जुळते. फरक सापडला नाही म्हणून हे मोजमाप वाया गेले, असे मुळीच मानू नये. प्रमेयाची गृहीतके कुठवर खरी उतरतात, हे त्यातूनच कळते.

विद्यार्थिनी : मनापासून आभार. १९६४ मध्ये क्रोनिन आणि फिच यांना केऑन या अल्पायुषी कणाच्या क्षयात सीपी (विद्युतभार आणि डावे-उजवे एकदम उलटवण्याची सममिती) मोडलेली आढळली. सीपीटी टिकत असेल, तर मग काळाची सममितीही मोडलीच पाहिजे ना?

निवृत्त प्राध्यापक : अगदी बरोबर. मात्र तेवढ्या अनुमानावर कोणी थांबले नाही; अमेरिकेतील बाबर या कणभौतिकी प्रयोगाने २०१२ मध्ये बी-मेसॉन या कणांत काळाच्या सममितीचा भंग थेट मोजून दाखवला.