टार्गेट नाही, कॉन्फिग डॉट गेस बदला

एकाचं रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर (६४-बिट ओएस) जुनं पॅकेज कंपाइल करताना कॉन्फिगर (कंपाइलआधी मशीन तपासणारी स्क्रिप्ट) ‘बिल्ड टाइप ओळखता येत नाही’ म्हणून अडतंय, आणि त्यावर ‘कॉन्फिगरला --टार्गेट हा पर्याय देऊन बघा’ असा सल्ला आलाय. टार्गेटचा इथे काही संबंध नाही. बिल्ड म्हणजे कंपाइल जिथे चाललंय ते मशीन, होस्ट म्हणजे तयार प्रोग्राम जिथे चालणार ते. टार्गेट लागतं जीसीसी (कंपायलर), बिनयुटिल्स (असेंबलर, लिंकर वगैरे) असली हत्यारंच बनवायची असतील तर. बाकीची पॅकेजं त्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

टारबॉलमधली (पॅकेजच्या सोर्स कोडच्या गठ्ठ्यातली) कॉन्फिग डॉट गेस ही स्क्रिप्ट यूनेम या मशीनची माहिती सांगणाऱ्या कमांडला विचारून अंदाज बांधते. ती एआर्च६४ च्या (पायच्या ६४-बिट एआरएम प्रोसेसर प्रकाराच्या) जन्माआधीची असेल तर बिचारी काय ओळखणार! डेबियनवर ऑटोटूल्स-डेव्ह हे पॅकेज टाका आणि /यूएसआर/शेअर/मिस्क मधल्या ताज्या कॉन्फिग डॉट गेस आणि कॉन्फिग डॉट सब (मशीनचं नाव तपासणारी जोडीदार स्क्रिप्ट) या दोन्ही फायली जुन्यांवर कॉपी करा. मी एकदा नुसती गेस बदलली, तर सबने ‘हे मशीन माहीत नाही’ म्हणून परत हाकललं.

लॅपटॉपवरून पायसाठी बनवत असाल तर मात्र --होस्ट=एआर्च६४-लिनक्स-जीएनयू द्यावंच लागेल. क्रॉस कंपायलर (एका मशीनवर दुसऱ्यासाठी प्रोग्राम बनवणारा) आधी टाकलेला हवा. जुनी सब तिथेही नडतेच.