मदत हवी आहे: निरीक्षणगृहातली समानुभूतीची गटसत्रं

गट आठ मुलांचा (गुन्ह्याच्या आरोपावरून चौकशी चालू असल्यानं निरीक्षणगृहात ठेवलेली), वय 15 ते 17, आठवड्यातून दोनदा 45 मिनिटं. पायऱ्या नेहमीच्याच: अडचण नेमकी काय, समोरच्याच्या मनात काय असेल, निदान चार पर्याय, प्रत्येकाचा परिणाम, निवड, मग अभिनय करून सराव.

गाडं दुसऱ्या पायरीवर अडतं. प्रसंग साधाच द्यायचा: जेवणाच्या रांगेत धक्का लागला, ताटातली आमटी सांडली. 'मुद्दाम केलं त्यानं' हे ठरलेलं उत्तर. 'अजून काय कारण असेल?' विचारलं की 'सॉरी म्हणायचं', म्हणजे सत्र घेणाऱ्या ताईंना आवडेल ते. हेतू ओळखणं राहिलं बाजूला, पाठांतर सुरू!

समानुभूती मोजणाऱ्या डेव्हिसच्या 28 विधानांच्या मापनीत चारही उपमापन्या (समानुभूतीच्या चार वेगळ्या बाजू) वेगळ्या मोजाव्या लागतात, एकूण बेरीज फसवी. पण उलट अर्थाच्या विधानांवर वाचायला कच्ची मुलं गोंधळतात, आणि तोंडी विचारलं की पुन्हा गोड उत्तरं.

शिवाय गळती. बाल न्याय कायदा 2015 प्रमाणे चौकशीला चार महिने, बाल न्याय मंडळानं वाढवले तर आणखी दोन. पण त्याआधी मधेच जामीन होतो. 12 सत्रांचा संच पुरा होतच नाही.

एकेका सत्रात संपणारी रचना कोणी वापरली आहे का? मापनीचं बोली मराठीतलं रूप? आणि मुलाच्या स्वतःच्या प्रकरणाला हात न लावता (चौकशी चालू असताना तो लावूच नये) पीडिताची बाजू कितव्या सत्रात आणता? काल्पनिक प्रसंगांचे नमुने असतील तर तेही द्या, पण उपदेशाच्या गोष्टी नकोत, त्या मुलांना पाठ आहेत.