चांगदेव पाटलाला कुणी वाचतं का?

तापीकाठचा: भालचंद्र नेमाड्यांच्या कादंबऱ्यांवरच्या गप्पा ‘कोसला’पासून सुरू होतात आणि ‘हिंदू’वर भांडून संपतात. चांगदेव पाटलाची मधली चार पुस्तकं, ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’, जणू कुणी लिहिलीच नाहीत. माझ्या मते १९६३ च्या ‘कोसला’चा नायक पांडुरंग सांगवीकर हा हुशार पोराचा कंटाळा आहे. कादंबरीकार भेटतो तो चांगदेव पाटलात. इंग्रजीचा मास्तर, आज या गावच्या कॉलेजात, उद्या त्या. संस्थाचालक, जातीचे कंपू, भाड्याच्या खोल्या. गावोगाव कॉलेजं निघाली त्या काळात तिथे शिकवायला गेलेल्या माणसाची एवढी बारीक नोंद मराठीत दुसरी दाखवा. नावं तरी बघा: बिढार म्हणजे उचललेला संसार आणि झूल ती बैलाच्या पाठीवरची!

पेठेतला वाचक: पोराचा कंटाळा? ‘कोसला’तलं मनीचं, पांडुरंगच्या बहिणीचं, मरण पुन्हा वाचा, मग बोला. तोवर पांडुरंगच्या तोंडच्या ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ला आपण हसत असतो. मग मनी देवीच्या रोगाने दगावते आणि तेच शब्द घशात अडकायला लागतात. त्या मोजक्या पानांत पंचविशीच्या लेखकाने जे केलं, ते पुढच्या चार पुस्तकांत मिळून झालं नाही. तिथे गाव बदलतं, प्रिन्सिपॉल बदलतो, वैताग तोच. एकात उरकलं असतं.

तापीकाठचा: वैताग तोच, हे तर त्याचं म्हणणं आहे. कॉलेज सोडलं की सुटका होईल असं चांगदेवला दरवेळी वाटतं. मी स्वतः तीन संस्थांत तासिका तत्त्वावर राबलोय, त्यामुळे मला तरी हे पाल्हाळ वाटत नाही. (पगार कधी व्हायचा ते विचारू नका.)

सारिका_डोंबिवली: दोघांनाही एक विचारते. ‘झूल’ १९७९, ‘हिंदू’ २०१०. मधे एकतीस वर्षं कादंबरी नाही. १९९१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तोही ‘टीकास्वयंवर’ला, म्हणजे समीक्षेला. देशीवाद, म्हणजे साहित्य आपल्याच मातीतून उगवावं हा विचार, मांडता मांडता गोष्ट सांगणारा माणूस मागे पडला, असं नाही वाटत? ‘हिंदू’त मोहेंजोदडोला उत्खनन करणारा खंडेराव बाप आजारी म्हणून मोरगावला निघतो, इथवर मी खिळून होते. पुढे मात्र पात्रांच्या तोंडून लेखकच व्याख्यान देतोय असं वाटत राहिलं.

पेठेतला वाचक: शंभर टक्के. ज्ञानपीठ मिळालं म्हणून सगळं गोड मानायचं नाही.

तापीकाठचा: सारिकाताई, ती व्याख्यानं आमच्याकडे ओट्यावर रोज चालतात. शेतकरी माणूस पुराणापासून कापसाच्या भावापर्यंत एका दमात बोलतो. शहरात बसून तो निबंध वाटणारच.

सारिका_डोंबिवली: माझं माहेर तुमच्याच खानदेशातलं, चोपड्याचं आहे हो. ओट्यावरचा माणूस मधेच उठून चहाला जातो, खंडेराव जात नाही.

तापीकाठचा: 😄 हे मान्य. पण पेठेतले साहेब, ‘जरीला’त तुम्हाला नेमकं काय खटकलं?

पेठेतला वाचक: खरं सांगू? ‘बिढार’ अर्ध्यात सोडली होती. पुढची तीन परिचय वाचूनच.

तापीकाठचा: अन् एवढा वेळ भांडताय!

सारिका_डोंबिवली: आणि तुमची ‘हिंदू’, काका? पूर्ण झाली?

तापीकाठचा: दोनशे पानं झालीत. दिवाळीनंतर बघू.