मदत हवी आहे: दत्तक घेतलेली मोठी कुत्री बाहेर शू करतच नाही

नुकतीच साधारण चार वर्षांची कुत्री दत्तक घेतली आहे. नसबंदी झालेली आहे. आजवर ती निवारा केंद्रात सिमेंटच्या जमिनीवर राहिली आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. बाहेर नेलं की गवत हुंगते, माती उकरते, पण बसत नाही. कितीही वेळ फिरवा. घरात पाऊल टाकलं की सरळ स्वयंपाकघरातल्या फरशीवर, एका ठरावीक कोपऱ्यात मोकळी होते. थोडी थोडी नाही, एकदम सगळी. त्यामुळे हद्द आखण्याचा प्रकार वाटत नाही.

डॉक्टरांना दाखवलं. लघवीची तपासणी केली, संसर्ग नाही, साखरही नाही. तो कोपरा एन्झाइमवाल्या (शूचा वास मुळापासून घालवणाऱ्या) क्लीनरने धुते, फिनेल बंद केलंय. उठल्यावर, खाल्ल्यावर आणि झोपण्यापूर्वी न चुकता बाहेर नेते. ओरडत नाही, ओरडणारही नाही. आधीच बिचारी भांडं पडलं तरी टेबलाखाली जाऊन बसते. पिंजऱ्यात ठेवलं तर लाळ गाळत दारावर पंजे मारत राहते, म्हणून तो उपाय कृपया सुचवू नका. पाणी कमी करायचं नाहीये.

आता डोक्यात असं आहे की शू टिपलेला कागद बाहेर नेऊन ठेवावा, किंवा मातीवर एक फरशी टाकून तिथून हळूहळू सवय लावावी. सिमेंटवर राहिलेल्या मोठ्या कुत्र्याला कुणी असं मातीवर वळवलं आहे का? आणि तोवर घरात शू टिपणारा पॅड ठेवावा, की त्याने घरातलीच सवय पक्की होईल?