खुनाच्या तपासाला आठ तासांची पाळी लावता येईल का?

उंबरठा (धागाकर्ता):
मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात मे २०१६ मध्ये आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. कल्पना एका पोलीस कर्मचाऱ्याचीच होती आणि तत्कालीन आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती उचलून धरली. पाळीने काम करणाऱ्या अंमलदाराची त्यामुळे सोय झाली. ज्याच्याकडे खुनाचा तपास आहे त्या अधिकाऱ्याच्या घरी मात्र काहीच बदलले नाही. पोलीस सदैव कर्तव्यावर असल्याचे मानणारे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम २८ ब्रह्मवाक्य समजून त्याच्याकडून अमर्याद तास घेतले जातात. माझे मत असे की, प्रत्येक खुनाच्या गुन्ह्यावर दोन तपास अधिकारी नेमावेत आणि त्यांनी आळीपाळीने घरी जावे.

उलटतपासणी:
ठाम असहमती. कोठडीतील आरोपी रात्री दहा वाजता शस्त्र कोठे टाकले ते दाखवतो म्हणाला, तर त्याच क्षणी पंच बोलावून निवेदन नोंदवावे लागते आणि मग त्याला घेऊन त्या जागी जावे लागते. निवेदन नोंदवणारा अधिकारी पाळी संपली म्हणून घरी गेला आणि जप्ती दुसऱ्याने केली, तर बचाव पक्षाचे वकील नेमके तेच सांध्याचे ठिकाण धरून दोन्ही अधिकाऱ्यांना साक्षीच्या पिंजऱ्यात एकमेकांविरुद्ध उभे करतात. नव्वद दिवसांत दोषारोपपत्र गेले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, हेही विसरू नये. मयताच्या आईवडिलांनाही संसार होता.

लाइनीतली सूनबाई:
आपण दोघेही चुकीच्या ठिकाणी वाद घालत आहात, असे पोलीस लाइनीत राहणारी बाई म्हणून मी नम्रपणे सांगते. खून झाल्यावर पहिले आठ-दहा दिवस हे घरी येणार नाहीत, हे आम्ही धरूनच चालतो आणि त्याबद्दल कोणी कुरकुर करत नाही. त्रास पुढे होतो, जेव्हा अर्धवट केस डायरी टेबलावर ठेवून त्याच अधिकाऱ्याला गणपतीच्या बंदोबस्ताला, तेथून मंत्र्यांच्या दौऱ्याला, तेथून एखाद्या सभेला पाठवतात आणि साहजिकच डायरी लिहिण्यासाठी उरते ती फक्त रविवारची सुट्टी. मुलीच्या पालकसभेला वडील नसतात ते खुन्यामुळे नव्हे, बंदोबस्तामुळे. तपास आणि कायदा-सुव्यवस्था ही कामे वेगळी करा, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह प्रकरणात २००६ मध्येच सांगितले होते.

उलटतपासणी:
बंदोबस्ताबद्दल ताईंशी सहमत. परंतु तो आदेश मोठ्या शहरांपासून सुरुवात करा, असे म्हणतो. मोजक्या अधिकाऱ्यांवर चालणाऱ्या तालुक्याच्या ठाण्यात तपासासाठी वेगळा माणूस कोठून आणणार?

उंबरठा:
ताईंचा मुद्दा माझ्या प्रस्तावापेक्षा सरस आहे. तरीही शस्त्रजप्तीचे उदाहरण सगळ्या नव्वद दिवसांना लागू करणे मला अतिशयोक्तीचे वाटते. शवविच्छेदनाचा अहवाल, न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा पाठपुरावा, मोबाइलच्या नोंदींची छाननी ही कामे नोंदी नीट ठेवल्यास दुसरा अधिकारी सहज करू शकतो. शिवाय नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार खुनाच्या गुन्ह्यात पंधरा दिवसांची पोलीस कोठडी पहिल्या साठ दिवसांत तुकड्यांनीही मागता येते.

लाइनीतली सूनबाई:
म्हणजे पूर्वी धावपळीचा पंधरवडा तरी ठरलेला असे. आता दोन महिने कोणत्याही दिवशी फोन येणार. हिला सवलत म्हणायचे का?