[गप्पा] पहिला पिक विकायचा की फील्ड्सला?

प्रेषक: नेपरव्हिलकर
सोमवार, २६ फेब्रुवारी २०२४

मंडळी,

संक्रांतीच्या कार्यक्रमात हा वाद अर्धा राहिला, कारण ऐन रंगात जेवणाची ताटं आली. आता इंडियानापोलिसला कंबाइन, म्हणजे कॉलेजच्या फुटबॉल खेळाडूंची चाचणी, सुरू होतंय, म्हणून लेखी मांडतो. नंतर कोणी म्हणायला नको की काका फक्त आवाज चढवतात.

यंदाच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्यात, पहिली निवड (पहिला पिक) आपल्या शिकागो बेअर्सची आहे. माझं म्हणणं एवढंच: पहिला पिक विका, आपला क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) जस्टिन फील्ड्सला ठेवा.

गेल्या मार्चमध्ये आपल्या जनरल मॅनेजर रायन पोल्सने काय केलं ते आठवा. पहिला पिक कॅरोलिनाला दिला. बदल्यात रिसीव्हर (चेंडू झेलणारा) डीजे मूर आला, नववा आणि एकसष्टावा पिक आला, २०२४चा पहिल्या राउंडचा आणि २०२५चा दुसऱ्या राउंडचा पिक आला. नवव्यावरून एक पायरी उतरून दहाव्याला डार्नेल राइट घेतला. एकसष्टाव्यात थोडी भर घालून वर सरकलो आणि टायरीक स्टीव्हनसन घेतला. मूरने पहिल्याच मोसमात १,३६४ यार्ड काढले. आणि कॅरोलिना २-१५ अशी आपटल्यामुळे पहिला पिक पुन्हा आपल्याच दारात! शेतकऱ्याच्या घरचा आहे म्हणून सांगतो, एका पेरणीत एवढं पीक मी आमच्या विदर्भात तरी पाहिलं नाही. मग तीच पेरणी पुन्हा का करू नये?

३१ डिसेंबरला मी सोल्जर फील्डवर होतो. बर्फ पडत होता, अटलांटाला आपण ३७-१७ लोळवलं आणि सगळं स्टेडियम फील्ड्सच्या नावाने ओरडत होतं. मीसुद्धा. दोन दिवस घसा बसला होता.

मी ह्या गावात आलो जानेवारी १९८६मध्ये. आल्यावर पंधरा दिवसांत बेअर्सनी पॅट्रियट्सना ४६-१० धुतलं. मला वाटलं, इथे दर वर्षी असंच असतं.

— नेपरव्हिलकर


प्रेषक: शॉमबर्गकर
मंगळवार, २७ फेब्रुवारी

काका, नमस्कार.

घशाबद्दल वाईट वाटलं, पण हिशेब तुमच्या बाजूने नाही. मी तीस वर्षं दुसऱ्यांची खाती तपासतोय, इथेही तेच करतो.

तुम्ही दोन खेळाडूंची तुलना करताय. पोल्सला दोन कालावधींची तुलना करायची आहे. फील्ड्स २०२१च्या ड्राफ्टचा, म्हणजे त्याच्या स्वस्त करारातलं हे शेवटचं वर्ष. पाचव्या वर्षाचा ऑप्शन घ्यायचा की नाही हे २ मेपर्यंत सांगावं लागेल आणि घेतला तर त्या एका वर्षाचे अडीच कोटी डॉलरच्या आसपास. तो चांगला खेळला तर पुढे आणखी महाग. क्वार्टरबॅक जो बरोने सप्टेंबरमध्ये सही केली ती वर्षाला साडेपाच कोटींवर. उलट, आता पहिल्या पिकवर जो येईल त्याचे चार वर्षांचे मिळून चार कोटींच्या आतबाहेर. बरोला एका वर्षात मिळतात त्याहून हे कमी आहेत.

यंदाची सॅलरी कॅप, म्हणजे एका संघाच्या पगारांची कमाल मर्यादा, २५.५४ कोटी. क्वार्टरबॅक एक कोटीत बसला तर उरलेल्या पैशात बाकी घर भरता येतं. माँटेझ स्वेटला आपण चार वर्षांचे ९.८ कोटी दिलेच आहेत, जेलॉन जॉन्सनचे द्यायचे आहेत.

हे नेहमी असं नव्हतं. २०१०मध्ये सॅम ब्रॅडफर्ड पहिला गेला तेव्हा सहा वर्षांचे ७.८ कोटी, त्यातले ५ कोटी पक्के. एकही स्नॅप (डाव) न खेळता! लीग आणि खेळाडूंच्या २०११च्या नव्या करारात नवख्यांच्या पगाराला टोपण बसलं आणि त्याच वर्षीचा पहिला कॅम न्यूटन चार वर्षांच्या २.२ कोटींत आला. त्या दिवसापासून पहिला पिक ही ह्या लीगमधली सर्वांत स्वस्त वस्तू झाली. तुम्ही ती विकून महागडी वस्तू ठेवायला निघालाय.

आणि एक. पेरणीच्या हिशेबात तुम्ही क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउड धरला नाहीत. पिक विकला नसता तर तोही घेता आला असता. ह्यूस्टनला जाऊन पहिल्याच वर्षी प्लेऑफचा (बाद फेरीचा) सामना जिंकून बसलाय.

— शॉमबर्गकर


प्रेषक: ऑरोराकर
मंगळवार, २७ फेब्रुवारी, रात्री

तुम्हा दोघांच्या मेल वाचून वाटतं की खेळ कोणी पाहतच नाही. एकाला शेत दिसतं, एकाला खातेवही.

मी गेल्या मोसमातले सतराही सामने पाहिले, बरेचसे इस्त्री करता करता. डेन्व्हरविरुद्ध २८-७ पुढे होतो, हरलो. डेट्रॉइटमध्ये चार मिनिटं राहिली असताना बारा गुणांनी पुढे होतो, हरलो. क्लीव्हलंडला शेवटच्या लांब फेकीवर चेंडू अक्षरशः आपल्या मूनीच्या मांडीवर येऊन पडला आणि निसटला. ह्यातलं कोणतं फील्ड्सचं पाप? डेन्व्हरचं थोडंफार आहे, चेंडू त्याच्या हातून सुटला होता. बाकीचं प्रशिक्षकांनी वाटून घ्यावं. त्यातले मुख्य प्रशिक्षक एबरफ्लूस मात्र जागेवर कायम.

पण काका, तुमच्या लाडक्याचा एक दोष मला दर रविवारी दिसतो. मंडईत मेथीच्या दहा जुड्या उलटसुलट करून एकही न घेणारा माणूस असतो ना, तसा तो चेंडू घेऊन उभा राहतो. समोर माणूस मोकळा असतो, हा अजून जुडी निवडतोय. २०२२मध्ये ५५ वेळा सॅक झाला, म्हणजे फेकण्याआधीच पाडला गेला. त्याला राखणारी लाइन वाईट होती, मान्य. गेल्या वर्षी लाइन सुधारली, तरी तेरा सामन्यांत ४४. पाय देवाने दिलेत, २०२२मध्ये १,१४३ यार्ड पळाला, मायामीविरुद्ध एकाच सामन्यात १७८. ते पाहताना इस्त्री साडीवर विसरले होते. पण पळणं हे संकटातून सुटण्यासाठी. रोजच्या स्वयंपाकाचं काय?

शॉमबर्गकर, तुम्हीही फार खूश होऊ नका. स्वस्त क्वार्टरबॅक घ्यायचा म्हणता, पण निवडणार कोण? २०१७ला आपण तिसऱ्यावरून दुसऱ्यावर जायला चार पिक मोजले आणि क्वार्टरबॅक ट्रुबिस्की आणला. पुढे चॅम्पियन ठरलेला महोम्स त्याच ड्राफ्टमध्ये दहावा गेला. ३२ संघांत एका मोसमात ४,००० यार्ड फेकणारा क्वार्टरबॅक कधीच न झालेला संघ एकच आहे. एरिक क्रेमरचे १९९५चे ३,८३८ अजून आपला विक्रम आहे, आणि उत्तरेला शेजारच्यांकडे फार्व गेला की रॉजर्स, रॉजर्स गेला की लव्ह. सासुरवाडी ग्रीन बेची असल्याने मला हे प्रत्येक थँक्सगिव्हिंगला ऐकावं लागतं.

— ऑरोराकर


प्रेषक: इव्हॅन्स्टनकर
बुधवार, २८ फेब्रुवारी

काका, ताई, मराठीत टाइप करतोय, चुका पोटात घाला.

तुम्ही सगळे "कोणाला ठेवायचं" बोलताय. ते बहुतेक ठरलंय. पोल्स काल इंडियानापोलिसला म्हणाले की ट्रेड करायचा झाला तर जस्टिनशी नीट वागायचं आहे, त्याला लटकत ठेवायचं नाही. ठेवायचा असलेल्या माणसाबद्दल कोणी असं बोलतं का?

माझा प्रश्न वेगळा आहे, विकणार केव्हा? १३ मार्चला नवीन लीग वर्ष सुरू होतं. कर्क कझिन्स, रसेल विल्सन हे क्वार्टरबॅक बाजारात येणार. क्वार्टरबॅक पाहिजे असलेले संघ मोजले तर हाताची बोटं पुरतात. एकेक खुर्ची भरली की फील्ड्सची किंमत खाली. त्यात सगळ्यांना माहितीय की पहिला पिक आपल्याकडे आहे, म्हणजे आपल्याला विकावंच लागणार. मग जास्त कोण देईल?

नोव्हेंबरमध्ये गुजरातने हार्दिकला मुंबईकडे दिला तेव्हा बाकी कोणाच्या मनात नसताना सौदा उरकला, लिलावाच्या आधी. पुढे रोहितचं कप्तानपद गेलं आणि आमची दादरची मावशी महिनाभर कोणाशी बोलत नव्हती, ते वेगळं. पण गुजरातने योग्य वेळी विकलं.

माझा अंदाज अटलांटा. फील्ड्स तिकडचाच, जॉर्जियात वाढलेला. दुसऱ्या राउंडचा पिक मागा, आत्ता मागा.

— इव्हॅन्स्टनकर


प्रेषक: मंडळ समिती
बुधवार, २८ फेब्रुवारी

नम्र विनंती: ही यादी कार्यक्रमांच्या सूचनांसाठी आहे. पाडव्याच्या श्रीखंडासाठी किती जण चक्का टांगणार, ह्या मेलला आतापर्यंत तीन उत्तरं आली आहेत. बेअर्सवर एका दिवसात अकरा.


प्रेषक: नेपरव्हिलकर
शुक्रवार, १ मार्च

समितीला: माझा पाच किलो धरा.

शॉमबर्गकर, स्ट्राउडचा टोला वर्मी लागला. पण तो आपल्याकडे आला असता तर आपल्या तेव्हाच्या आक्रमण-प्रशिक्षक गेट्सीच्या हाताखाली खेळला असता, हेही लिहा तुमच्या वहीत.

आता मधला मार्ग सांगतो. वॉशिंग्टन दुसऱ्या क्रमांकावर आहे आणि त्यांनाही क्वार्टरबॅकच हवाय. त्यांच्याशी फक्त जागा बदलायची. प्रशिक्षक जिमी जॉन्सनच्या काळातला, पिकांची किंमत गुणांत मांडणारा तो जुना तक्ता काढला. पहिल्याला ३,००० गुण, दुसऱ्याला २,६००. फरक ४००, म्हणजे तक्त्याप्रमाणे पन्नासाव्या पिकएवढा. वॉशिंग्टनकडे चाळिसावा आहे, आणि गंमत म्हणजे तो आपलाच! स्वेटसाठी ऑक्टोबरमध्ये दिलेला. म्हणजे आपला चाळिसावा घरी आणायचा, आणि दुसऱ्याला क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्स किंवा ड्रेक मे, जो राहील तो. मला कोणताही चालेल, एकदा का फील्ड्सला सोडायचं म्हटलं की.

— ने.


प्रेषक: शॉमबर्गकर
शुक्रवार, १ मार्च

काका, "कोणताही चालेल" म्हणणाऱ्याला ह्या गावात चाळीस वर्षं कोणताही मिळालाय. मॅकनाउन, ग्रॉसमन, ट्रुबिस्की, सगळे पहिल्या राउंडचे.

तो तक्ता भाजीच्या दरासारखा आहे. रोजच्या पिकांना ठीक. पहिल्या जागेवर तुम्हाला हवा असलेला माणूस निर्विवाद वरचढ वाटत असेल, तर ४०० गुणांसाठी निवड दुसऱ्याच्या हातात का द्यायची? यंदाचा अव्वल क्वार्टरबॅक केलेब विल्यम्सने २०२२ला हाइझमन (कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) जिंकला. कंबाइनमध्ये त्याने डॉक्टरांची तपासणीसुद्धा करून घेतली नाही, म्हणाला, ज्या संघांकडे खरंच जाण्याची शक्यता आहे त्यांनाच कागद दाखवीन. बत्तीस स्थळांना पत्रिका पाठवायला नकार देणारा मुलगा. मला तरी आवडला.

— शॉ.


प्रेषक: ऑरोराकर
सोमवार, ११ मार्च

कझिन्स अटलांटाला. चार वर्षं, १८ कोटी. विल्सन काल पिट्सबर्गला, जवळजवळ फुकट, कारण त्याचा खरा पगार डेन्व्हर देतंय.

इव्हॅन्स्टनकर, तुझ्या दोन खुर्च्या दोन दिवसांत भरल्या. बाळा, तू पोल्सकडे नोकरीला जा.


प्रेषक: इव्हॅन्स्टनकर
गुरुवार, १४ मार्च, रात्री

रिसीव्हर कीनन ॲलन आला! चौथ्या राउंडच्या एका पिकवर. मूर एका बाजूला, ॲलन दुसऱ्या. हा नवीन पोरासाठी मांडलेला पाट आहे, फील्ड्ससाठी नाही. सॉरी काका.

आणि ताई, तुम्हाला हवा असलेला रिसीव्हर मार्व्हिन हॅरिसन आपल्या दुसऱ्या, म्हणजे नवव्या पिकपर्यंत राहणार नाही. रोम ओडुन्झे राहिला तर उडी मारायची.


प्रेषक: ऑरोराकर
गुरुवार, १४ मार्च

मला हॅरिसन हवाय हे मी यादीवर कुठे लिहिलं? आईशी फोनवर बोलले होते. तुझी आई आणि मी आता वेगळ्या विषयांवर बोलू.


प्रेषक: शॉमबर्गकर
शनिवार, १६ मार्च

झालं. फील्ड्स पिट्सबर्गला. बदल्यात २०२५चा सहाव्या राउंडचा पिक. तो तिथे निम्म्याहून जास्त, नेमकं ५१ टक्के स्नॅप खेळला तर तो चौथ्या राउंडचा होईल.

२०२१मध्ये विसाव्यावरून अकराव्यावर जाऊन त्याला घ्यायला आपण दोन पहिल्या राउंडचे, एक चौथ्याचा आणि एक पाचव्याचा दिले होते. तेव्हा पोल्स नव्हते, त्यामुळे ते बिल त्यांच्या नावावर नाही. पण सहावा राउंड? माझ्या हिशेबात तिसरा होता. काका, ह्या एका ओळीत मी चुकलो, नोंद करून ठेवा. इव्हॅन्स्टनकर, तू फेब्रुवारीत जे लिहिलंस ते बरोबर होतं.

आणि तरीही म्हणतो, पोल्सने त्याला हव्या त्या गावी जाऊ दिलं असेल तर त्यात मला वावगं वाटत नाही. त्याने इथे १०-२८ अशा निकालात तीन वर्षं मार खाल्ला आणि एकदाही कुरकुर केली नाही.


प्रेषक: नेपरव्हिलकर
शनिवार, १६ मार्च, रात्री उशिरा

वाचलं.

पिट्सबर्गला पाठवायचं होतं तर २०२२ला त्यांच्याकडून क्लेपूलला घेतलं त्याच वेळी अदलाबदल करायची होती. त्याच्यासाठी आपण त्यांना दुसऱ्या राउंडचा पिक दिला, तो पहिल्या राउंडच्या तोडीचा निघाला, बत्तिसावा. क्लेपूलला आपण वर्षभरही ठेवलं नाही. त्या घराशी व्यवहार करताना आपलं गणित नेहमी चुकतं.

असो. २५ एप्रिलला ड्राफ्ट आमच्या बेसमेंटमध्ये पाहू. डेट्रॉइटलाच आहे, गाडीने जाता आलं असतं, पण गुडघा दुखतो. ज्यांना यायचंय त्यांनी सहापर्यंत यावं. बटाटेवडे आहेत. विल्यम्सच येणार हे मला कळतंय, त्यावर वाद नको.

एक कामाचं विचारायचं होतं. माझी फील्ड्सची जर्सी फार महागाची आहे, एक नंबरची. डेव्हन ॲव्हेन्यूवरचा कोणी शिंपी पाठीवरचं नाव उसवून नवीन शिवून देतो का?


प्रेषक: ऑरोराकर
रविवार, १७ मार्च

काका, देतात. पण घाई करू नका. कॉलेजात विल्यम्सचा नंबर तेरा होता, इथे कोणता घेईल कोण जाणे. नाव बदलाल आणि नंबर चुकेल.

तोवर तीच घालून या. मी वड्यांची चटणी आणते.